नामिबियात स्वतः गाडी चालवताना : खडीचा रस्ता, टायर आणि डिझेलचा हिशेब

नामिबिया क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे आणि 2023च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 30 लाखांच्या जेमतेम वर गेली. 2011 साली एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसे होती. एवढ्या विरळ वस्तीच्या देशात रस्ते मात्र सुमारे 49,000 किलोमीटर, आणि त्यांतले डांबरी 8,000च्या आसपास. बाकीचे खडी-मुरमाचे, मिठाचे किंवा निव्वळ वाळूतले. दिवसाला मोजक्या गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर डांबर ओतणे परवडत नाही, म्हणून तिथली रोड्स अथॉरिटी हे रस्ते ग्रेडर (खडी खरवडून सपाट करणारे यंत्र) फिरवून राखते. पर्यटकांच्या गाड्या उलटतात त्या बहुधा याच रस्त्यांवर, आणि बऱ्याचदा समोर दुसरी गाडी नसतानाच.

राजधानी विंडहुकला उतरून भाड्याची गाडी घ्यायची आणि सोसुसव्लेच्या वाळूच्या टेकड्या, किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड, खडकाळ डमारालँड, वन्यप्राण्यांचे इटोशा असा फेरा मारायचा, असा बेत असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तिथेही गाड्या डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असते, त्यामुळे आपल्याला वाटते की काही नवे शिकायचे नाही. शिकायचे असते. इथल्या हातांना लागलेल्या काही सवयी तिथे सोडाव्या लागतात.

आधी नकाशा नीट वाचा

रस्त्याच्या नंबराआधीचे अक्षर बघा. बी म्हणजे मुख्य हमरस्ते, बहुतेक सगळे डांबरी. बी1 दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरच्या नूर्डूवरपासून अंगोलाच्या सीमेवरच्या ओशिकांगोपर्यंत देश उभा चिरत जातो. बी2 ओकाहांजाहून स्वाकोपमुंड आणि वॉल्विस बे बंदराकडे, बी6 गोबाबिसमार्गे बोट्सवानाकडे, बी8 ओटावीहून रुंडू आणि पुढे काटिमा मुलिलोकडे. सी म्हणजे दुय्यम रस्ते. यांतले काही डांबरी, पण पर्यटकाला लागणारे सी14, सी19, सी39, सी43 यांचे बरेच भाग खडीचे. डी म्हणजे त्याहून लहान. काही सुरेख, काही नुसते नावाला रस्ते.

दिवसाचा बेत किलोमीटरवर न करता तासांवर करा. डांबरी रस्त्यावर ताशी सरासरी 100 धरायला हरकत नाही. सी खडीवर 60 धरा, डीवर 40 ते 50. थांबणे, फोटो, जेवण यांचा वेळ वेगळा. विंडहुक ते सेसरीम (सोसुसव्लेचे फाटक) हे साडेतीनशेच्या आतबाहेरचे अंतर मोबाइलवरचा नकाशा साडेचार तासांत दाखवतो. तुम्ही सहा धरा. तसेच मोबाइल अनेकदा जवळचा म्हणून घाटातून नेतो. डी1275वरचा स्प्रीट्सहोग्टे घाट दिसायला देखणा, पण चढ इतका खडा की कॅरव्हॅन आणि ट्रेलरला तिथे बंदी आहे. लादलेली गाडी आणि नवखा चालक असेल तर सी24वरून रेमहोग्टे घाटाने जा, किंवा रेहोबोथ-माल्टाहोहे-सी19 असा लांबचा फेरा घ्या.

आणखी एक फसगत. नकाशावर ठळक अक्षरात छापलेले नाव म्हणजे गाव असेलच असे नाही. सॉलिटेअर म्हणजे एक पंप, एक दुकान, बेकरी आणि राहायची सोय. काही नावे तर एकट्या शेतघराची असतात. तिथे हॉटेल, गॅरेज, माणूस, काहीही गृहीत धरू नका.

कागदपत्रे

भारतातला मूळ परवाना आणि आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही बरोबर ठेवा. आंतरराष्ट्रीय परवाना एका वर्षापुरताच असतो आणि मूळ परवान्याशिवाय त्याला किंमत नाही. पोलिसांच्या नाक्यांवर दोन्ही विचारले जातात. गाडी बोट्सवाना किंवा झांबियात न्यायची असेल तर भाड्याच्या कंपनीचे लेखी पत्र बुकिंग करतानाच मागून घ्या. सीमेवर पोहोचल्यावर ते मिळत नाही.

करारात विमा वाचताना टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि 'दुसरी गाडी नसताना झालेला अपघात' हे चार शब्द शोधा. स्वस्त विम्यातून नेमके हेच वगळलेले असते, आणि नामिबियात नेमके हेच होते. रात्री गाडी चालवली किंवा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त गेलात तर पूर्ण विमासुद्धा रद्द होतो. खडीवर कायद्याने ताशी 100 ची मुभा आहे, पण बहुतेक कंपन्या 80 ची अट घालतात आणि गाडीतला ट्रॅकर ते नोंदवत असतो.

गाडी ताब्यात घेताना : पाऊण तास द्या

रात्रभर प्रवास करून सकाळी विमानतळावर उतरलात की लगेच खडीच्या रस्त्याला लागू नका. होसेआ कुटाको विमानतळ शहरापासून सुमारे 45 किलोमीटर पूर्वेला आहे. पहिली रात्र विंडहुकला काढा, किराणा भरा, दुसऱ्या दिवशी निघा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, लागतेच का? मुख्य सी रस्त्यांसाठी नाही. जमिनीपासूनची उंची आणि चांगले टायर जास्त मोलाचे. पण सोसुसव्लेचे शेवटचे पाच किलोमीटर, वायव्येचा दुर्गम काओकोलँड आणि किनाऱ्यावरचे वाळूतले सँडविच हार्बर यांना फोर बाय फोर हवीच. सर्वसाधारण भाड्याची गाडी म्हणजे डबल कॅब पिकअप, छतावर तंबू.

ताब्यात घेताना कंपनीच्या माणसाला घाई असते. तुम्हाला नसावी. क्रमाने बघा :

1. पाचही टायर, आणि दुसरी स्टेपनी मिळत असेल तर सहाही. बाजूच्या भिंतीवर चीर, फुगा, आत घुसलेला दगड नाही ना. टायरवर चार आकडी तारीख असते. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर बदलून मागा.

2. जॅक कुठे आहे ते बघू नका, बाहेर काढून लावून बघा. पिकअपची स्टेपनी बहुधा मागच्या हौद्याखाली साखळीवर टांगलेली असते आणि मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की खाली येते. हा दांडा सीटमागे असतो, त्याचे दोन-तीन तुकडे जोडावे लागतात. धुळीने साखळी गच्च बसलेली असते. ती एकदा अंगणातच खाली उतरवून परत चढवा. चाकांना कुलपाचा नट असेल तर त्याची चावी हातात घ्या.

3. कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज. तिथले आकडे बार किंवा किलोपास्कलमध्ये असतात. 1 बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. 200 किलोपास्कल म्हणजे 2 बार म्हणजे 29 पीएसआय. हा हिशेब डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, नाहीतर पंपावरचा मुलगा विचारतो तेव्हा तोंडात 32 येते आणि तो चक्रावतो.

4. काचेवरचे जुने टिचे, बंपरखालचे ओरखडे, सगळ्यांचे तारीख-वेळेसह फोटो. खालून वाकूनही काढा.

याशिवाय टायर प्लगचा (भोक बुजवायच्या रबरी बुचाचा) किट, रस्त्यावर ठेवायचे इशाऱ्याचे दोन त्रिकोण, फावडे, ओढायचा पट्टा, टॉर्च, जाड हातमोजे आणि जॅकखाली घालायला फळी. फळी कोणी देत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर लांबीचे जाड लाकूड घ्या. मऊ जमिनीत जॅक खाली रुततो, गाडी वर येत नाही. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, आणि एका दिवसाचे जास्त. शाकाहारी असाल तर विंडहुक किंवा स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्येच सगळे भरून घ्या. मधल्या ठिकाणी डबाबंद बीन्स आणि सुकवलेले मांस यापलीकडे फारसे काही नसते.

हवा किती ठेवायची

यावरून तिथे पंपावर वाद घालणारी माणसे भेटतील. भाड्याच्या कंपनीचा आकडा त्या गाडीसाठी असतो, तोच प्रमाण माना. साधारण अंदाज असा : डांबरावर थंड टायरमध्ये 2.2 बार, खडीवर 1.8, खोल वाळूत 1.2. मागे सामान लादले असेल तर मागच्या चाकांत 0.2 ते 0.3 जास्त.

हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त टेकतो, दगडावर आपटण्याऐवजी त्याच्यावरून वाकून जातो, पकड वाढते आणि दणके कमी होतात. पण हवा फार उतरवून जोरात गेलात तर बाजूची भिंत सतत दुमडून तापते, बाहेर फुगते आणि धारदार दगडाच्या तावडीत सापडते. डमारालँडमधल्या काळ्या दगडांनी टायर फाटतात ते असे, बाजूने. तिथे प्लग चालत नाही. प्लग फक्त टायरच्या टेकणाऱ्या भागातल्या भोकाला. डांबर लागले की थांबून हवा परत भरायची. ही टाळाटाळ महागात पडते.

खडीवर गाडी कशी धरायची

ग्रेडर नुकताच फिरलेला असेल तर खडीचा रस्ता डांबरापेक्षा सुखाचा वाटतो. धोका तिथेच. काही आठवड्यांत कोरड्या मुरमावर चाके उसळून उसळून आडव्या लाटा उठतात, आणि रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. हळू गेलात तर दात वाजतात. 70-80 ला गाडी लाटांच्या डोक्यावरून तरंगते आणि एकदम आराम वाटतो. पण तरंगणे म्हणजे चाके निम्मा वेळ हवेत. त्या क्षणी ब्रेक किंवा स्टिअरिंग यांतले काहीच पुरते काम करत नाही. म्हणून नवख्याने 60-70 वर राहावे, थोडे दणके सोसावेत. वळणाआधी, चढाच्या टोकाआधी आणि नाल्याच्या उताराआधी वेग सरळ रस्त्यावरच कमी करावा, वळणात शिरल्यावर नाही.

रस्त्यावर चाकांच्या दोन-तीन पट्ट्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या मध्ये सुट्या खडीचा उंचवटा. समोरून कोणी नसेल तेव्हा लोक मधल्या पट्टीतून जातात. चढावर, वळणावर आणि धूळ दिसताच डावीकडे यायचे. पट्टी बदलताना स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका. उंचवट्यावरून चाक घसरले की मागचा भाग डोलायला लागतो. तेव्हा माणूस घाबरून ब्रेक दाबतो आणि उलट बाजूला जोरात वळवतो. गाडी दुसरीकडे आणखी जोरात डोलते, आणि तिसऱ्या हेलकाव्याला उलटते. मागचा भाग डोलू लागला तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, ब्रेक नको, जिकडे जायचे तिकडे नजर ठेवून हलकेच स्टिअरिंग धरा. बाजूला बहुधा मोकळा माळ असतो. गाडी त्यात सरळ उतरली तर उतरू द्या. छतावर तंबू असेल तर वजन वर असते, ती आणखी लवकर कलंडते.

समोरून गाडी आली की वेग 50 च्या आत आणा आणि डावीकडे व्हा. तिच्या चाकांतून उडालेला दगड तुमच्या काचेवर दोघांच्या वेगांच्या बेरजेने आदळतो. मागे धुळीचा लोट असतो, त्यात दुसरी गाडी लपलेली असू शकते. धूळ बसेपर्यंत थांबलेले बरे. दिवसाही हेडलाइट चालू. ओव्हरटेक करायचे असेल तर हॉर्नवर भिस्त ठेवू नका. पुढच्याला धुळीत तुम्ही दिसतही नाही आणि खडखडाटात हॉर्न ऐकूही येत नाही. सरळ पट्टा आणि बाजूने वारा मिळेपर्यंत मागेच राहा. घाटातल्या एसटीमागे जसे बसता तसे.

समुद्रकाठचे मिठाचे रस्ते वेगळेच प्रकरण. जिप्सम आणि खारे पाणी कालवून, दाबून केलेला हा रस्ता कोरडा असताना डांबरासारखा काळा आणि गुळगुळीत. सकाळच्या धुक्यात तो ओला झाला की साबण लावल्यासारखा निसरडा. दहाच्या आधी तिथे घाई नको.

वाळू आणि नद्या

सेसरीमच्या फाटकापासून सोसुसव्लेकडे 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे. मग साध्या गाड्यांचा वाहनतळ, आणि पुढचे पाच किलोमीटर सुटी वाळू. तिथून शटल मिळते. पहिल्यांदाच वाळूत जाणाऱ्याने शटल घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोज निदान एकदा तरी कोणाची तरी रुतलेली गाडी तिथे बघायला मिळते.

जायचेच असेल तर वाळूत शिरण्याआधी, कडक जमिनीवर उभे असताना हवा 1.2 बारवर आणा आणि फोर व्हील जोडा. एकसारखा वेग ठेवा, मध्येच थांबू नका, तीव्र वळण नको. चाके जागच्या जागी फिरायला लागली की लगेच थांबा. प्रत्येक फेरीला गाडी बोटभर खाली जाते आणि शेवटी पोटावर बसते. उतरा, चाकांपुढची आणि मागची वाळू फावड्याने काढा, हवा 1.0 वर उतरवा आणि ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच मागे या. बाहेर आल्यावर वाहनतळावरच हवा भरा; 1.2 वर 60 किलोमीटर डांबरी रस्ता ताणू नका.

रस्त्याबाहेर मात्र अजिबात नाही. नामिबच्या सपाट माळावर जिप्समचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर दगडफूल वाढते. एकदा चाक गेले की खूण दशकानुदशके राहते. दंडही होतो.

नामिबियात बारमाही नद्या फक्त सीमांवर आणि ईशान्येच्या टोकाला : ऑरेंज, कुनेने, ओकावांगो, क्वांडो, झांबेझी. आतल्या सगळ्या कोरड्या, आणि रस्ते पुलाशिवाय त्यांच्या पात्रातून जातात. जानेवारी ते एप्रिलमध्ये शंभर किलोमीटरवर पाऊस पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना नदी येते. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही. काही तासांत बहुधा पाणी उतरते. चहा करा, थांबा. कोरड्या पात्रात तंबू ठोकणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार.

डिझेल

लादलेली डिझेल पिकअप खडीवर लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते, वाळूत सहा. 80 लिटरची टाकी म्हणजे साधारण साडेसहाशे किलोमीटर, पण त्यातली पाव टाकी नाहीच असे समजा. नियम सोपा : पंप दिसला आणि टाकी अर्धी असली की भरायची. सॉलिटेअर, सेसरीम, माल्टाहोहे, आउस, खोरिक्सास, कामान्याब, पामवाग, ओपुवो ही ठिकाणे नकाशावर ठळक करून ठेवा. एखाद्या ठिकाणी टँकर आलेला नसतो, वीज गेलेली असते किंवा कार्डाचे यंत्र बंद असते. रोख जवळ ठेवा. नामिबियाई डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखीच आहे आणि रँडही चालतो. पंपावर माणूस भरून देतो. गाडी पेट्रोलची की डिझेलची ते त्याला तोंडाने सांगा आणि नळीकडे बघत उभे राहा.

जनावरे आणि अंधार

सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामावर पोहोचा. कुडू हे दोन-अडीचशे किलोचे हरीण संध्याकाळी रस्त्याकडेला येते आणि दिव्याच्या झोतात बिथरून गाडीच्या दिशेनेच उडी मारते. पाय लांब, त्यामुळे धड थेट काचेतून आत येते. बी1वर उत्तरेला वाटेत ठिकठिकाणी गाई-गाढवे मोकळी. समोर जनावर आले तर सरळ रेषेत जोरात ब्रेक. वाचवण्यासाठी स्टिअरिंग फिरवू नका. त्यात गाडी उलटते. इटोशात वेगाची मर्यादा 60, फाटके सूर्योदय ते सूर्यास्त, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायला मनाई.

ल्यूडरिट्झकडे जाणाऱ्या बी4वर धोका जनावरांचा नसून वाऱ्याचा. शेवटच्या टप्प्यात दुपारनंतर वाळू उडून रस्त्यावर ढिगारे होतात, आणि काच व रंग घासून निघतो. तो टप्पा सकाळी उरका. शेजारच्या रेल्वेमार्गालाही हाच छळ. 1908 साली याच मार्गावरची वाळू झाडताना झकारियास लेवाला या कामगाराला पहिला हिरा सापडला, आणि मग सगळा किनारा खाणवाल्यांच्या ताब्यात गेला. आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'प्रवेश बंद' च्या पाट्या आहेत. त्या मनावर घ्या.

रेल्वेवरून आठवले : तिथली सरकारी रेल्वे कंपनी ट्रान्सनामिब प्रामुख्याने माल वाहते. प्रवासी गाड्यांच्या भरवशावर बेत आखू नका. शहरांमधून मिनिबस भरल्या की सुटतात, स्वस्तही असतात, पण सोसुसव्ले किंवा डमारालँडला त्यांचा उपयोग नाही.

पंक्चर झाले

स्टिअरिंग एका बाजूला ओढते किंवा मागून फडफड ऐकू येते. ब्रेक न दाबता वेग उतरू द्या, सपाट आणि कडक जागा मिळेपर्यंत हळू जा. चढाच्या किंवा वळणाच्या लगेच पलीकडे थांबू नका. हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, समोरच्या कर्णातल्या चाकाला दगड. त्रिकोण पन्नास-साठ पावलांवर. गाडी उचलण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा. चाक हवेत असताना ते नुसते फिरत राहते. फळीवर जॅक, आणि काढलेले चाक चेसिसखाली आडवे सरकवून ठेवा, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी हातावर पडत नाही. नवीन चाक बसवून नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि 50 किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. खडीच्या थरथरीने ते सैल होतात. पुढच्या पहिल्याच गावात फाटका टायर दुरुस्त करा किंवा नवा घ्या. उरलेल्या एका स्टेपनीवर दोनशे किलोमीटर खडी हा जुगार आहे.

गाडी बंदच पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. सावली आणि पाणी तिच्यातच आहे, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते. एमटीसी या तिथल्या मोबाइल कंपनीचे सिमकार्ड घ्या, पण वाटेत लांबलांबचे पट्टे रेंजशिवाय आहेत. म्हणून रोज सकाळी पुढच्या मुक्कामाला कोणत्या रस्त्याने आणि किती वाजेपर्यंत येतोय ते कळवा. न पोहोचल्यास ते शोध सुरू करतात. पोलिसांचा नंबर 10111. येणारी जवळपास प्रत्येक गाडी थांबून विचारते, तुम्हीही थांबा.

परतताना

उत्तरेकडून दक्षिणेला येताना बी1वर ओशिवेलो, बी8वर मुरुरानी, सी43वर पामवाग इथे पशुवैद्यकीय नाके लागतात. गुरांचा लाळ्या-खुरकुताचा रोग दक्षिणेत येऊ नये म्हणून कच्चे मांस पुढे नेऊ देत नाहीत. फ्रिज उघडून दाखवा, वाद घालू नका.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी विंडहुकला पाण्याने धुऊन घ्या. धुळीखाली काय आहे ते तुम्हाला आधी दिसलेले बरे, कंपनीच्या माणसाला नंतर. टाकी शहरातच भरा, पावती ठेवा, आणि ताब्यात घेताना काढलेले फोटो उघडून त्याच क्रमाने त्याच्याबरोबर गाडीभोवती फिरा. कागदावर 'नवीन नुकसान नाही' असे लिहून सही घेतल्याशिवाय चावी देऊ नका.